झडप

सफरचंदं पडायला लागली की आई
शेडच्या दाराकडे बघायची नाही.
या एप्रिलला बघितलं. मग मला म्हणाली,
"बेलार्मिनोला बोलाव.
आणि तो जेवून येणार नाही, हे धरून चाल."

इंजिन तिथेच होतं, ओंडक्यांवर,
बाबांनी बंद केलं त्या संध्याकाळी जसं थांबलं तसं,
पट्टा अजून रसाच्या चरकाकडे तोंड करून.
अकरा हिवाळे. चिलोएचे हिवाळे,
ज्यांत भिंतीची फळकुटंही शेवाळ धरतात
आणि मीठ खाडीवरून चालत घरात येतं.

बेलार्मिनो काइचेओ, वय एक्याऐंशी.
डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजव्याने हवं तेवढंच.
वरचं झाकण काढलं, बोट फिरवलं, वास घेतला.
"ही मिटलेली, ती ठीक आहे.
ती उघडी राहिली. उघड्या राहतात त्याच अडकतात."
आई चुलीसाठी लाकडं उचलत होती. थांबली नाही.

झडप हिचं नाव, आणि अकरा वर्षांत
हिने कशावर म्हणून झडप घातली नाही.
धुराच्या वाटेवर आ वासून उभी,
अंगाला जुन्या पेट्रोलचा डिंक,
दांडा असा रुतलेला
की नळी आणि तो एकाच ओतकामातून निघाले असावेत.

मी हातोडा उचलला.
त्याने माझ्या मनगटावर नुसता हात ठेवला.
डिझेल, त्यात थोडं रॉकेल, कोंबडीच्या पिसाने
दांड्याच्या मुळाशी. मग आम्ही जेवलो:
बटाटे, धुरावलेले शिंपले. पुन्हा थेंब.
त्याने गायीच्या अवघड बाळंतपणाची हकिकत सांगितली,
वासराचं पुढे काय झालं ते सांगितलंच नाही. पुन्हा थेंब.
भरती आली, होड्या उठल्या.
भरती ओसरली, होड्या चिखलात कुशीवर निजल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने दोरी मागितली. सुती, जाड, स्वच्छ.
आईने ओले कपडे कुंपणावर फेकले
आणि वाळत घालायची दोरी सोडून दिली.
प्लगच्या भोकातून वीत वीत आत,
सिलेंडरच्या पोटात वेटोळी, शेपूट बाहेर.
"शेपूट सोडू नकोस. केयोनमध्ये एकाने सोडलं होतं,
त्याची बायको अजून ऐकवते."

मग चाकाला हात. पिस्टन चढला,
दोरी दबली, दोरीने झडपेला खांदा दिला.
काही नाही.
मागे. पितळेच्या तुकड्यावर टिचकी. थेंब. पुन्हा वर.
सुंभाचा पीळ जळूनही जात नाही म्हणतात;
इथे त्या पिळावरच सगळी भिस्त.
केसाएवढी हलली. मग नखाएवढी.
मग रुसल्या जावयासारखी मध्येच बसली
आणि आमचा शुक्रवार खाल्ला.

शनिवारी, पाऊस पत्र्यावर वाजत असताना,
टक्.

एवढंच. सुपारीच्या डबीचं झाकण लागावं तसं.
त्याला ऐकू गेलं नसणार.
पण तळवा लोखंडावर होता,
आणि माझ्याआधी तोच हसला.

दोरी निघाली ती काळी होऊन.
"आता भोकावर अंगठा धर," म्हणाला, आणि चाक फिरवलं.
आतून कुणीतरी माझा अंगठा ढकलला.
मी आईला हाक मारली.
ती आली, पदर नव्हे, लोकरीची बाही हाताने मागे सारून
तिने अंगठा ठेवला.
"अजून एकदा," म्हणाली.
त्याने फिरवलं.
"अजून एकदा."
बेलार्मिनोला हे बरोबर ऐकू येत होतं.

मॅग्नेटो मेलेलाच निघाला.
त्या वर्षीचा रस आम्ही हातानेच गाळला,
आणि तो नेहमीसारखाच आंबट झाला.
दोरी परत अंगणात बांधली.
तेव्हापासून दर चादरीवर मधोमध एक काळा पट्टा उठतो.
आई दोरी धूत नाही. बदलतही नाही.