सापडलेल्या वस्तूंचा डबा

वेंगुर्ल्याच्या शाळेत, पहिलीच्या खिडकीत
बिस्किटांचा डबा असे, झाकण नसलेला.
ज्याला जे सापडेल ते त्यात:
खोडरबर, सदऱ्याचं बटण,
एकदा तर कुणाचा पडलेला दात.

मला चार आणे सापडले.
प्रार्थनेला सगळ्यांचे हात जोडलेले,
माझी एक मूठ.
सिस्टर इमेल्डांनी पाहिलं.
म्हणाल्या, "डबा रात्रीही उघडाच असतो हां, बाबल."
बस्स, एवढंच.

परवा बांगड्याचा लिलाव आटोपून
गेलो नातीचं नाव घालायला.
सिस्टर केव्हाच मातीआड.
डबा आहे, गंजलाय.
आत एक क्लिप, अर्धी पेन्सिल.

चार आणे टाकले.
हल्ली ते कुठेच चालत नाहीत.

"आबा, सापडले?"
"हो. आत्ताच."