तिसरा रकाना

नान्नजच्या माळावर, वैशाखी पौर्णिमेला,
लपणात आम्ही तिघं:
मी, सलगरमामा आणि नान्ना.
नान्नांना उगाच आणलं सोबत,
घरी एकटे असले की
बंद टीव्हीकडं बघत बसतात म्हणून.

फॉर्मवर तीन रकाने. वेळ. दिसलं. ऐकलं.
मामा म्हणाले, दुसरा सोड,
चांदण्यात दगडसुद्धा काळवीट होतो.
कान दे.

मामांची मेंढरं गेली, कान राहिले.
टिटवी ओरडली की ते विचारतात, कुणावर?
कुत्र्यावर ओरडते तेव्हा मधे श्वास घेते,
सापावर ओरडते तेव्हा नाही.
खोकड तुटक भुंकतं, तीनदा,
आत माणूस असून दार न उघडणाऱ्या घरावर
थाप मारावी तसं.
आणि लांडगा असतो एक, रडतो चौघांचं.
हे त्यांनी बोटांनी सांगितलं,
आधी एक बोट, मग चार,
नान्नांसाठी.

नान्नांनी चौतीस वर्षं टॉवेल विणले
अशोक चौकामागं, पत्र्याखाली, बारा मागांत.
बारीक आवाज आधी गेले:
सायकलची घंटा, कुकर,
आई जिन्यातून मारायची ती हाक.
चंडोल म्हणजे त्यांना
नुसती उघडमीट करणारी चोच.

दोनच्या सुमाराला रातवा लागला.
चक् चक् चक् चक्‌र्रर्र
मी तो त्यांच्या तळहातावर
बोटानं वाजवून दाखवला.
हसले. 'धोटा,' म्हणाले,
'पेटीत आदळून उसळतोय.
पिकर झिजलाय त्याचा. बदल म्हणावं.'
मी लिहिलं: रातवा, एक.
समासात: पिकर झिजलेला.

चंद्र कलला. तितर अजून उठले नव्हते.
पाणवठ्यावर एक ससा येऊन
न पिताच गेला.
तेवढ्यात नान्ना ताठ बसले,
छातीवर हात ठेवून.
'हूम्,' म्हणाले. 'खालनं येतंय.'
थोड्या वेळानं, 'परत. हूम्.'

मी श्वास धरला. काही नाही.
मामांनी मान हलवली, काही नाही.
रेकॉर्डरवरची रेघ झोपलेली.

इतका खोल आवाज या माळावर एकाचाच.
सहा वर्षं मी त्याच्या नावापुढं
शून्य काढत आलेय.
मामांनी नाव घेतलं नाही.
टोपी काढून मांडीवर ठेवली, तेवढंच.

बार्शी रोडवरचा ट्रक असेल.
मिलचा भोंगा असेल, कानातच अडकून राहिलेला;
डॉक्टर म्हणाले होते, होतं असं.
किंवा बारीक सगळं झिजून गेल्यावर
जाड तेवढंच उरत असेल ऐकायला,
जे आम्हाला
बारक्यासारक्या गलक्यात लागतच नाही.

सहाला गार्ड आला फॉर्म न्यायला.
उजेडात धरून म्हणाला,
मॅडम, माळढोकपुढं हे काय आहे?
शून्य, का एक?

मी बघितलं. शून्यच काढायला घेतलं होतं,
पण गोल पुरा मिटला नव्हता
आणि खाली शेपूट गेली होती.

बरं, ऐकणाऱ्याचं नाव सांगा.

नान्ना त्याच्या ओठांकडं बघत होते.
उठून उभे राहिले,
हजेरीला राहावं तसे.
'येमूल राजेशम,' म्हणाले. 'रातपाळी.'