घ्या लिहून

संध्याकाळी सातला, मोंढ्यातल्या एसटीडीवरून,
लिंबाजी रेणके, वार्ताहर, सेलू.
"घ्या लिहून," आधी. नमस्कार नंतर.
कापसाचा भाव, दुधनेचं पाणी,
जिनिंगला आग, स्वल्पविराम,
जीवितहानी नाही, पूर्णविराम.

मी परभणीच्या डेस्कवर
कान आणि खांद्यात रिसीव्हर दाबून
लिहायचो, छाटायचो.
त्या आगीत त्यांनी सांगितलं होतं,
सरकी जळताना तीळ भाजल्यासारखा वास सुटतो,
त्या वासानं वॉचमनच्या बायकोला भूक लागली
आणि भुकेची लाज वाटली.
म्हणालो, अण्णा, एवढी जागा नाही.
बरं, म्हणाले.
दिवाळीत कुठल्याशा अंकात कथा आली:
तीच बाई, तोच वास,
सात पानं.

त्यांच्या बोलण्यामागं सारखं
टक्, टकटक्, टक्.
मला वाटायचं लाईन खराब.
एकदा सेलूला गेलो, तर बूथच्या काचेवर
त्यांची बोटं.
बाप गोंधळी. ह्यांनी सातवीत तुणतुणं
खुंटीला अडकवलं, कारण गुरुजी वर्गात म्हणाले,
मागून खाणाऱ्याच्या पोराचं अक्षर बरं आहे.
हेही मला बातमीसारखंच सांगितलं,
एकही विशेषण न लावता.

त्या रात्री एका लग्नघरी गोंधळ होता.
चौक मांडलेला, दिवटी पेटलेली, धाकटा भाऊ वाजवत होता.
अण्णा दाराशी, वही घेऊन.
मध्यरात्र उलटली तशी वही माझ्या हातात दिली,
भावाच्या कमरेचा संबळ सोडला,
स्वतःच्या बांधला.
दिवटीच्या उजेडात मी पान पाहिलं:
यजमानाचं नाव, गाव, हजर मंडळी,
आणि खाली, बारीक अक्षरात,
"आज बहुतेक राहवणार नाही."

पेपर बंद पडून नऊ वर्षं झाली.
डेस्क होतं तिथं आता चपलांचं दुकान.
सातला फोन वाजतो.
घ्या लिहून.
कुठं छापू, हे मी विचारत नाही.
पेन शोधतो. बायको टीव्हीचा आवाज कमी करते.

काल सांगत होते:
नातीनं संबळ बांधला, वय अकरा, स्वल्पविराम,
कंबर बारीक म्हणून पट्ट्याला तीन भोकं जास्तीची, स्वल्पविराम,
मोच्यानं पैसे घेतले नाहीत, स्वल्पविराम,
आणि मग नुसतं
टक्, टकटक्, टक्.

अण्णा, लाईन खराब आहे का?

"लाईन चांगली हाय," म्हणाले,
"पोरगी वाजवायली. थांबा जरा."