टनाला अर्धा किलो

हातिमभाईंनी सुरतेहून आणलेली पुडी:
रंग दादरच्या पिठाचा, वास किंचित आंबूस,
पाठीवर मुंगीच्या अक्षरात
ऊन लागू देऊ नका, आत जीव आहेत.

सेगीबाईने ती कानाशी धरली.
काही बोलत नाही, म्हणाली, आणि परत दिली.
खाद्य कालवणारा धुडकू आप्पा साक्रीचा,
त्याने जिभेवर चिमूट ठेवून निकाल दिला:
"हाऊ तं ताकना पुतण्या शे."

नवापूरच्या बाहेर, पत्र्याखाली आठ हजार चोची उघड्या.
मे महिना. फॉगरचं पाणी वाटेतच वाळतं.
अंडं उचलावं तर कवच पापडासारखं,
अंगठ्याचा ठसा आत जातो.
खाली पातळ विष्ठा, आणि डोळ्यांत चुरचुरणारा तो वास
जो जेवतानाही माझ्या शर्टात असतो.

पूर्वी अशा वेळी आम्ही पिवळं पाणी पाजायचो.
नंदुरबारहून येणारी डॉक्टरीण म्हणाली, बंद करा.
त्यानं चोर मरतो, शेजारीही मरतो,
मग रिकाम्या घरात कोण येऊन बसेल सांगता येत नाही.
मला कळेना, तेव्हा ती म्हणाली,
तुमच्या बाजारात पहाटेच ओटे धरून बसणाऱ्या बाया बघा,
मिरच्या, महुआ, सुके बोंबील मांडून, मांडीला मांडी लावून.
उशिरा आलेल्या भामट्याला बूड टेकायला जागा राहते का?
कोंबडीच्या आतड्यात तेवढंच करायचंय.

टनाला अर्धा किलो.
पण उन्हानं पाखरं खाद्याला तोंड लावेनात,
म्हणून आठवडाभर पाण्यातून द्या म्हणाली.
दिलं.
चार दिवस काही नाही.
फुटक्या अंड्यांचा रकाना: दोनशे बारा, दोनशे नऊ,
दोनशे सव्वीस, दोनशे अठरा.

पाचव्या दिवशी तिनं टाकीत वाकून वास घेतला
आणि माझ्याकडे पाहिलं.
ब्लिचिंग पावडर.
रोज संध्याकाळी मीच टाकत होतो, चमचा शीग लावून,
आणि रोज सकाळी त्याच पाण्यात ते जीव सोडत होतो.
किती मेले? पुडीवर आकडा होता,
शून्यं मोजताना माझं बोट घसरलं.
ना पिसं, ना पाय, ना पंचनामा.

खरं सांगतो, हात ऐकत नव्हता.
खड्ड्यांच्या वर्षी मी नववीत होतो.
जेसीबी आमच्या शाळेवरून गेला,
पांढऱ्या झग्यातली माणसं, पोत्यांतून हलणारं काहीतरी,
वर चुना.
दिसत नाही तेच मारतं, हे तेव्हा अंगात भिनलं.
तेव्हापासून बूट धुतो, चाकं धुतो, कुलूपसुद्धा धुतो.
न दिसणारं कुणी आपल्या बाजूनं असेल
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

टाकी रिकामी केली. विहिरीचं पाणी, नुसतं.
दुसरी पुडी.
दोन आठवड्यांनी रकाना दीडशेच्या खाली आला,
शेडमधला वास थोडा बसला,
सेगीबाई पदर नाकावरून काढून काम करू लागली.
त्याच सुमारास वारा फिरला होता, गुजरातेकडून,
पारा चार अंश उतरला होता.
श्रेय कुणाला द्यायचं?
हातिमभाई म्हणाले, वाऱ्यानं बिल पाठवलेलं नाही,
पुडीवाल्यानं पाठवलंय,
म्हणून तूर्त पुडीला.
डॉक्टरीण एवढंच म्हणाली, थंडीत परत मोजू.

काल सेगीबाईनं एक अंडं माझ्या तळव्यावर ठेवलं,
गरम, खडबडीत, एका टोकाला तपकिरी डाग.
दाबा म्हणाली.
दाबलं. जोरात दाबलं.
तिनं ते काढून घेतलं आणि ट्रेमध्ये टोक खाली करून ठेवलं.

आज टाकी नुसत्या पाण्यानं विसळली.
ब्लिचिंगचा डबा आता वरच्या फळीवर,
शिडी लावल्याशिवाय हात पोचत नाही.
शिडी मात्र
मी अजून तिथेच ठेवली आहे.