तुताचा अंगठा

कुताइसीत, रिओनी नदीच्या काठी,
तिसऱ्या मजल्यावर मी आणि तुता.
तुता म्हणजे आमच्या भाषेत तुती.
सापडली तेव्हा काळी, ओली,
जवळपास तेवढीच होती.

आता ती सतरा वर्षांची.
मी किती, ते विचारू नका.

हिवाळ्यात फरशीवर टिक टिक वाजायला लागलं.
मला वाटलं, घड्याळ.
पण घड्याळ तर लेवान गेला
त्याच वर्षी बंद पडलंय.
मग दिसलं, तुता चालते आहे,
नखं आत घ्यायचं विसरून.
जिनं उंदीर सोडून कुणाला
कधी नखही दिसू दिलं नाही,
ती अशी, टाचा वाजवत जाणाऱ्या बाईसारखी.

सोफा ओरबाडणं तिनं केव्हाच सोडलं होतं.
खरं सांगते, मला बरंच वाटलं.
खिडकीवर उडी मारेना. म्हटलं, वय झालं.
पंजा चाटत बसे तासन् तास. वय झालं.
‘वय झालं’ हे फार सोयीचं झाकण आहे,
कुठल्याही भांड्यावर बसतं.

एका रात्री वास आला, नासक्या चीजचा.
मी फ्रिज धुतला. फडकी उकळली.
वास माझ्या मांडीवर येऊन झोपला.

अठ्ठावीस वर्षं रेशमाच्या कारखान्यात
गरम पाण्यातल्या कोषांवर
मी धाग्याचं टोक शोधत होते,
केसाहून बारीक, न बघता, नुसत्या बोटांनी.
आणि याच बोटांना कळलं नाही
की रोज कुरवाळते त्या पंजात
अंगठ्याचं नख गोल वळून
तिच्याच मांसात शिरलंय.

द्राक्षांच्या टोपलीत घालून तिला नेली.
टोपली धरली खालच्या मजल्यावरच्या रेवाझनं,
गॅरेजमधून तसाच आला होता, ग्रीसच्या हातांनी.
डॉक्टर मालखाझ रागावले नाहीत.
(रागावले असते तर सोपं गेलं असतं.)
म्हणाले, “मावशी, हा अंगठा जमिनीला टेकत नाही,
मग झिजणार कुठून?
म्हातारं मांजर ओरबाडत नाही,
जुनं साल गळत नाही, थरावर थर चढतो.
वाढायला वाट उरते ती एकच, आत.”

सुई. थोडी गुंगी.
कट्, असा एवढासा आवाज
आणि टेबलावर एक काळी चंद्रकोर.
ती निघाली तिथं मसुराएवढं भोक.
पू काढला, धुतलं, परत धुतलं.
“असं रुतलेलं घरी उपटायचं नाही,” म्हणाले,
“मी काय द्राक्षं विकायला बसलोय?”

सात दिवस गळ्यात प्लास्टिकची झालर,
प्रत्येक दाराला आपटणारी.
सात दिवस लोण्यात गोळी.
लोणी तिच्या पोटात, गोळी माझ्या चपलेत.
तरी भरलं. भोक भरलं,
वर गुलाबी कातडी आली, नवीन, लाजरी.

आता दर दुसऱ्या रविवारी
चष्मा, खिडकीतलं ऊन, जुना टॉवेल.
रेवाझ तिला गुंडाळून धरतो,
मी बोट हलकेच दाबते,
नख बाहेर येतं,
कोषातून टोक सुटावं तसं.
तुताची नखं काळी, आतली जिवंत रेघ दिसत नाही,
म्हणून नुसतं टोक कापायचं.
नखभरसुद्धा नाही,
नखाच्या नखाएवढं.
अंगठे आधी. अंगठे विसरायचे नाहीत.

परवा तिचं झालं, मी कात्री पुसत होते,
तर रेवाझ खाली बघून म्हणाला,
“आणि तुमची?”
दोन हिवाळे झाले, मला वाकता येत नाही.
बूट दुखतात, म्हणून मी बाजारात जात नाही.
मी म्हणाले, “अरे, वय…”
आणि तिथंच थांबले.
मोजे काढले.

तो मान खाली घालून कापत होता,
इंजिनाचा स्क्रू काढावा तसा, जीभ दातांत धरून.
त्यानंच खुर्चीच्या पायाला गुंडाळलेला नवा दोर
कोपऱ्यात कोरा करकरीत उभा.
आणि मागून आवाज आला,
सोफ्याच्या कडेवर, टर्र, टर्र.

मी वळून पाहिलं नाही.
फाड बाई.