समोरचा

पहिला गुरू जुमेरात, एका गारेगार हॉलमध्ये.
महिना सातशे दिरहम, बासरीची टेप,
पांढऱ्या सुळसुळीत विजारी.
हात ढगासारखा वर, ढगासारखा खाली.
मी विचारलं, हा हात कशासाठी?
म्हणाले, ऊर्जेसाठी.
मग समोरचा कुठे उभा असतो?
ते हसले.
तीन बायकांनी डोळे मिटलेलेच ठेवले.

दुसऱ्याकडे भिंतभर तसबिरी, हारांसकट.
हात लावायची मनाई होती.
तसबिरींना नव्हे, त्याला.

मी शारजात रक्त काढते. एकोणीस वर्षं झाली.
शीर डोळ्यांनी शोधत नाही कुणी,
बोट ठेवायचं आणि थांबायचं,
ती आपणहून वर येते.

गुओ आला व्हिसाच्या मेडिकलला.
साठीचा, सजाला टाइल्सच्या गोदामात स्टोअरकीपर,
नखांत पांढरी भुकटी.
दंडावर बोट ठेवलं
तर बोटच कुठेतरी निघून गेलं.
म्हटलं, हलू नका.
म्हणाला, मी नाही हललो.

फी विचारली.
म्हणाला, आधी पडायला शीक.

शुक्रवारी पहाटे साडेचार, गोदामाच्या मागे.
ऑगस्ट. हवा ओल्या टॉवेलसारखी तोंडावर.
तीन महिने नुसतं उभं केलं त्याने.
कोपरावरून घाम ठिबकून वाळूत भोकं पडायची.
ट्रेलरच्या केबिनमधून जरवली चहा पीत बघायचा.
एकदा न राहवून म्हणाला,
बाजी, इथे बस थांबत नाही.

मग एके दिवशी तोच ढगासारखा हात.
पण या ढगाखाली माझं कोपर होतं,
आणि कोपराचं पुढे काय झालं असतं
ते त्याने अर्ध्यावर थांबवून दाखवलं.
मी खाली बसले.
आनंदाने, असं म्हणायला हरकत नाही.

ढकल, म्हणायचा. मी ढकलायची
आणि जिथे ढकललं तिथे कुणी नसायचं,
टेकू काढलेल्या शिडीसारखी मी पुढे.
उठ. ढकल. उठ.
तू बोटांनी ऐकतेस, म्हणाला
गोदामाच्या मोडक्या हिंदीत,
पण सुईसाठी ऐकतेस. घाई आहे त्यात.

मी काडीने वाळूत रेघा ओढून सांगितलं,
दारव्ह्याला शाळेमागे आम्ही मुली आट्यापाट्या खेळायचो.
डावीकडे हूल द्यायची,
पाटीवालीचा पाय उचलला गेला
की त्याच क्षणी उजवीकडून पार.
तो रेघांकडे बघत राहिला.
पहिला ट्रक गेटाशी आला तरी बघत राहिला.
कुणी शिकवलं?
कुणी नाही, खेळच तो.
पायाने पुसू नको, म्हणाला.

मार्चमध्ये गोदाम विकलं गेलं.
दोन बॅगा, एक तांदळाचा कुकर.
कागद नाही, शिक्का नाही,
माझ्यासोबत फोटोही नाही.
टॅक्सीत बसता बसता म्हणाला,
डावा खांदा अजून खोटं बोलतो तुझा.

पुढच्या शुक्रवारी मी तरीही गेले.
शटरवर नवीन कुलूप. मांजर एक.
उभी राहिले. मग हात फिरवू लागले,
वर, खाली,
आणि माझ्याच मनात बासरी वाजायला लागली,
तेव्हा लाज वाटली.

केबिनचं दार आपटलं.
जरवली उतरला, ग्रीसचे हात चिंधीला पुसले,
कमीजची बाही मनगटाच्याही पुढे ओढून घेतली
आणि हात आडवा धरला.
किती दिवस हवेशी भांडणार, बाजी?

मी मनगट ठेवलं.
कापडाखाली नाडी, ब्याऐंशीच्या आसपास,
जरा घाबरलेली.
वजन उजव्या टाचेवर,
श्वास अडवलेला.
मी अजून ढकललेलं नाही.