पंख गावातून जायचा

आठवड्यातून एकदा, मध्यरात्र उलटली की
आमच्या गल्लीतून विमान जायचं.
उडत नाही. चालत.
तुकड्यातुकड्यांनी, ट्रकवर लादलेलं,
माणसाच्या चालीनं, तुलूझकडे.

माझं काम आधी सुरू व्हायचं.
मी फिर्मँ, नगरपालिकेचा शिपाई.
औषधाच्या दुकानाचा हिरवा क्रॉस भिंतीशी दुमडायचा,
बेकरीसमोरची जिरेनियमची कुंडी आत ढकलायची,
‘थांबा’ची पाटी बुडासकट उपसून
कोपऱ्यात उभी करायची, शिक्षा झालेल्या पोरासारखी.
मग दारोदार: खिडक्या मिटा हो, खिडक्या.
भिंत आणि पंख यांच्यामध्ये
दोन वीत अंतर उरायचं. कधी एकच.

मादाम लागारीग मिटायच्या नाहीत.
ऐंशी ओलांडलेल्या, दिवा मालवून
पडद्याआड बसायच्या.
म्हणायच्या, माझी वरात याच गल्लीतून गेली,
पण इतकी नटून नाही, आणि इतकी हळू तर नाहीच.

आणि समोरच्या घरातली मायलीस, सात वर्षांची,
झाडूच्या दांड्याला ओलं फडकं बांधून
खिडकीतून पंख पुसायची.
मी पाहिलं. वहीत लिहिलं नाही.
एवढ्या मोठ्या वस्तूला
घरातल्या कुणीतरी पुसायला हवंच.

लांबून लोक यायचे, घडीच्या खुर्च्या घेऊन.
एकमेकांना आकडे सांगायचे:
दोन मजले, चार इंजिनं, पाचशेवर माणसं,
जणू ती त्यांनीच मोजून आत बसवली होती.
मला मात्र ट्रक वळणावर खोळंबला की
धडाच्या तोंडातून आतलं दिसायचं.
हिरवट, उघडं, रिकामं.
वारा शिरला की घुमायचं.
मोठं घर, पोकळ वासा.

मग आठवड्याचं पंधरवड्यावर आलं,
पंधरवड्याचं महिन्यावर.
बेकरीतला तिएरी म्हणाला,
दोन इंजिनांत भागतंय तर चारांना पोसणार कोण?
आणि लोकांना आता सरळ आपल्या गावी उतरायचंय,
मध्ये कुठल्या मोठ्या शहरात
बॅगा सांभाळत बसायला वेळ आहे कुणाला?
असेल.
मी अजून एकदाही विमानात बसलेलो नाही.

शेवटच्या रात्री सगळं गाव रस्त्यावर.
मेयरनं तिरंगी पट्टा घातला, बँड आला,
कुठली धून वाजवावी ते मात्र कुणालाच ठरवता येईना.
पंख गेले. धड गेलं.
हत्ती गेला आणि शेपूट राहिलं:
अक्षरशः. शेपटीचा ट्रक
चर्चच्या वळणावर वीस मिनिटं अडकला.
कुणी हॉर्न दिला नाही.
ड्रायव्हर उतरून भिंतीवर हात ठेवून म्हणाला,
ही भिंत मला बायकोपेक्षा जास्त पाठ आहे.
कोणी हसलं, कोणी नाही.

दुसऱ्या दिवसापासून
मादाम लागारीग खिडकी मिटून झोपू लागल्या.

मायलीस आता तार्बला असते,
पिरेनीजच्या पायथ्याशी, विमानांच्या कारखान्यात.
‘तोडत नाही आम्ही,’ ती म्हणते, ‘सोडवतो.
इंजिनं आधी, त्यांना गिऱ्हाईक असतं.
मग चाकं, मग स्वयंपाकघरं,
वरच्या मजल्याचा जिनासुद्धा एकानं नेला, घरात लावायला.
पंखाला कुणी विचारत नाही.
पंख शेवटी. करवतीनं.’

मी विचारलं, आधी पुसतेस का?

फोनवर बराच वेळ काही नाही.
मग म्हणाली, ‘धुळीनं पातं बोथट होतं, फिर्मँकाका.
पुसावंच लागतं.’

कुंडी जागेवर आहे. क्रॉसही, रात्रभर लुकलुकतो.
पाटी तेवढी अजून सुटीच,
खोबणीत नुसती खोचलेली,
जोराचा वारा आला की गल्लीकडे तोंड फिरवते.
सिमेंट घालायचं काम माझ्याच यादीत आहे.
मार्चमध्ये निवृत्त होतोय.
येणारा बघेल.